रुंद पडद्याचा व्हिडिओ टीव्हीसाठी बदलताना चित्राचा आकार कसा राखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या, मुंजीच्या, नाटकाच्या जुन्या कॅसेटी आणि डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेऊन आजच्या टीव्हीवर बघायच्या, हे काम आता घरोघरी चालू आहे. त्यात चित्राचा आकार बिघडतो आणि घरातली सगळी माणसं एक तर बुटकी-जाडी नाही तर लांबुडकी दिसू लागतात. खालची उत्तरं मुख्यतः भारतात टीव्ही-कॅसेटींसाठी चालणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हिडिओसाठी आहेत. एचडी कॅमेरा, मोबाइल आणि अमेरिकेतून आलेल्या कॅसेटी यांच्याबद्दलही पुढे आहे.

फाइल ७२० बाय ५७६ आहे. मग ती ४:३ (जुन्या टीव्हीची) आहे की १६:९ (रुंद टीव्हीची)?

नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. पालमध्ये दोन्हींना पिक्सेल तेवढेच असतात. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतात. ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८, तेव्हा हा आकडा दोन्हींशी जुळत नाही. कारण या फाइलमधले पिक्सेल चौरस नाहीत. ४:३ मध्ये ते किंचित रुंद धरायचे आणि १६:९ मध्ये बरेच रुंद. कसे धरायचे हे सांगणारी एक छोटी खूण फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते. प्लेअरने ती वाचली तर चित्र बरोबर दिसतं. खूण हरवली, चुकली किंवा टीव्हीने दुर्लक्षिली की आकार बिघडतो. या पानावरच्या बहुतेक तक्रारी फिरून इथेच येतात.

१६:९ चं चित्र ४:३ म्हणून दाखवलं तर सगळं २५ टक्के अरुंद होतं. उलट झालं, म्हणजे ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं, तर सगळं ३३ टक्के रुंद होतं.

खूण हरवते कुठे?

सगळ्यात जास्त वेळा कॅसेट उतरवताना. मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर १६:९ ठेवून शूटिंग केलेलं असेल तर टेपवर ती नोंद असते. फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल वायरीने) उतरवून एव्हीआय फाइल केली की आतल्या डीव्ही डेटामध्ये नोंद राहते, पण एव्हीआयच्या डब्याला (व्हिडिओ आणि आवाज एकत्र धरणाऱ्या फाइलच्या वेष्टनाला) पिक्सेलचा आकार नीट लिहून ठेवायची सोय नाही. पुढचं सॉफ्टवेअर डब्यावरच विसंबून राहिलं तर ४:३ समजून चालतं. अ‍ॅनालॉग कार्डावरून, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींनी उतरवलं असेल, तर बहुतेक वेळा नोंद येतच नाही. कार्ड सगळंच ४:३ धरतं.

मूळ आकार नक्की कोणता, हे ओळखायचं कसं?

आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. रुंदी, उंची आणि डिस्प्ले अस्पेक्ट रेशो या तीन ओळी बघा. त्याखाली 'ओरिजिनल डिस्प्ले अस्पेक्ट रेशो' अशी आणखी एक ओळ दिसली, तर व्हिडिओच्या आतली खूण एक आणि डब्यावरची दुसरी, असा घोळ आहे. लॅपटॉपवर नीट आणि टीव्हीवर ताणलेलं दिसतं त्यामागे पुष्कळदा हाच घोळ असतो.

पण खूण खरीच असेल याची खात्री नसते, म्हणून शेवटी वर्तुळ मोजा. व्हिडिओत समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा: भिंतीवरचं घड्याळ, गाडीचं चाक, कॅमेऱ्याकडे तोंड असलेला ढोल. आरतीचं ताट चालत नाही. ते तिरकं धरलेलं असतं आणि उंचीत आधीच दबलेलं दिसतं. त्या जागी व्हिडिओ थांबवा आणि खुणेकडे लक्ष न देता मूळ ७२० बाय ५७६ पिक्सेलची फ्रेम चित्र म्हणून साठवा. मग कोणत्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळाची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. उंची १०० असेल तर रुंदी अशी येते:

पाल ४:३ असेल तर साधारण ९४
पाल १६:९ असेल तर साधारण ७०
एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत, फ्रेम ७२० बाय ४८०) ४:३ असेल तर साधारण ११२
एनटीएससी १६:९ असेल तर साधारण ८४
१४४० बाय १०८० ची एचडीव्ही (कॅसेटवर एचडी टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) असेल तर ७५

दोन-तीन पिक्सेलचा फरक मोजण्यात पडतोच. ९४ आणि ७० मधलं अंतर एवढं मोठं आहे की गल्लत होत नाही. चेहऱ्यांवरून अंदाज बांधू नका. दहा वर्षं ताणलेलं चित्र बघितलेल्या घरात तेच खरं वाटू लागलेलं असतं.

मग बदलून कोणता आकार करायचा?

चौरस पिक्सेलचा. टीव्हीला ज्या खुणेचा अर्थ लावावा लागेल अशी खूणच ठेवायची नाही.

पाल १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६. पाल ४:३ असेल तर ७६८ बाय ५७६. एनटीएससी १६:९ असेल तर ८५४ बाय ४८०. एनटीएससी ४:३ ला पुस्तकी आकार ६४० बाय ४८० आहे, पण त्यात आडवा तपशील कमी होतो. ७२० बाय ५४० केलंत तर रुंदीतले पिक्सेल जसेच्या तसे राहतात. एचडीव्ही असेल तर १९२० बाय १०८०.

एचडीव्हीच्या बाबतीत एक सापळा आहे. १४४० ला १०८० ने भागलं तर १.३३ येतात, म्हणजे बरोबर ४:३. त्यामुळे खूण हरवली तरी चित्र 'जुन्या पद्धतीचं ४:३' वाटतं, दोन्ही बाजूंना पट्ट्या येतात आणि कोणाला शंका येत नाही. एचडीव्हीवर १०८० रेषांचं ४:३ चित्रीकरण होतच नव्हतं. त्या कॅमेऱ्यातली १४४० बाय १०८० ची फाइल १६:९ च धरा.

७२० की ७०४? काही ठिकाणी १०२४ ऐवजी १०५० सांगतात.

दोन्हींना आधार आहे. पालच्या ७२० पिक्सेलमध्ये खरं चित्र मधल्या सुमारे ७०२ ते ७०४ पिक्सेलमध्ये धरायचं, दोन्ही कडांचे आठ-आठ जादा, असा प्रसारणाचा जुना संकेत आहे. त्या हिशेबाने ७०४ पिक्सेल म्हणजे पूर्ण १६:९, आणि सगळे ७२० धरले तर चित्र जवळपास १०५० पिक्सेल रुंद होतं. अडोबी प्रीमियर सीएस४ पासून हाच हिशेब धरतो. त्यात पाल वाइडस्क्रीनचा पिक्सेल १.४५८७ आहे. त्याआधीच्या आवृत्तीत तो १.४२२ होता, म्हणून जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडला की कडेला किंवा वर-खाली बारीक काळी रेघ येते.

दोन हिशेबांत फरक सव्वादोन ते अडीच टक्क्यांचा आहे. डोळ्याला तो कळत नाही. कॅसेटवरून आलेल्या चित्राच्या डाव्या-उजव्या कडेला आठ पिक्सेलची काळी किनार स्पष्ट दिसत असेल तर ती कापा, ७०४ ठेवा आणि १०२४ किंवा ७६८ करा. किनार नसेल तर सगळे ७२० घेऊन त्याच आकारात आणा. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय करायचं?

फाइल उघडा आणि डायमेन्शन्स या टॅबवर जा.

क्रॉपिंग 'ऑटोमॅटिक' वर सोडू नका. ते काही फ्रेम तपासून काळं कुठपर्यंत आहे ते ठरवतं, आणि रात्रीच्या वरातीत किंवा अंधाऱ्या रंगमंचावर चित्राचा भागच पट्टी समजून कापतं. 'कस्टम' करून आकडे स्वतः भरा. कापायचं नसेल तर चारही शून्य.

अ‍ॅनामॉर्फिक 'नन' करा, म्हणजे पिक्सेल चौरस होतात. मग खाली आलेली रुंदी-उंची वाचा. काही वेळा १०२४ बाय ५७६ च्या ऐवजी ७२० बाय ४०४ च्या आसपासचा आकडा येतो. प्रमाण बरोबर असतं, पण उंचीतल्या पावणेदोनशे रेषा गेलेल्या असतात. तसं झालं तर 'अलाउ अपस्केलिंग' चालू करा आणि उंची ५७६ करा.

मूळ खूणच चुकीची असेल, म्हणजे १६:९ ची फाइल ४:३ म्हणून नोंदलेली असेल, तर अ‍ॅनामॉर्फिक 'कस्टम' घ्या, पिक्सेल अस्पेक्ट १:१ लिहा आणि रुंदी १०२४, उंची ५७६ हाताने भरा. शेवटी दाखवलेला डिस्प्ले आकार आणि साठवणीचा आकार एकच आहे ना, ते तपासा. वेगळे असतील तर पिक्सेल अजून चौरस झालेले नाहीत.

मग दोन-तीन मिनिटांचाच तुकडा आधी बदलून टीव्हीवर लावून बघा. तीन तासांची कॅसेट रात्रभर चालवून सकाळी चूक कळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असेन तर?

फिल्टरांचा क्रम महत्त्वाचा: आधी डीइंटरलेस (का, ते पुढे कंगव्याच्या दात्यांच्या प्रश्नात आहे), मग क्रॉप, मग स्केल, शेवटी सेटसार १ (पिक्सेल चौरस आहेत अशी खूण लिहिणारा फिल्टर). स्केलमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही आकडे स्वतः दिलेत तर जुनी खूण चुकीची असली तरी बिघडत नाही. फक्त सेटसार विसरू नका. ते राहिलं तर एफएफएमपेग जुन्या प्रमाणाचा हिशेब जुळवायला नवी खूण लिहून ठेवतो, आणि १०२४ बाय ५७६ ची फाइलही ताणलेली किंवा दबलेली दिसते.

कॅमेऱ्यावर '१६:९' होतं, पण चित्र टीव्हीच्या मध्यभागी लहान होऊन चारी बाजूंनी काळं दिसतं.

स्वस्त कॅमेऱ्यांतलं '१६:९' पुष्कळदा नावापुरतंच असे. ४:३ च्या फ्रेममध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या छापायच्या, एवढंच. अशी फ्रेम रुंद टीव्हीवर लावली की टीव्ही आणखी दोन पट्ट्या बाजूंना घालतो. पहिल्या काळातल्या बऱ्याच डीव्हीडीही अशाच पट्ट्यांसकट केलेल्या आहेत.

यावर इलाज सरळ आहे. ५७६ रेषांपैकी चित्र मधल्या ४३२ रेषांत असतं. वरून ७२ आणि खालून ७२ कापा. उरलेल्या ७२० बाय ४३२ ला ७६८ बाय ४३२ करा. हे नेमकं १६:९ आहे. १२८० बाय ७२० पर्यंत मोठं केलंत तरी तपशील वाढणार नाही, पण काही टीव्ही लहान आकाराची फाइल वाईट पद्धतीने मोठी करतात, तिथे फायदा होतो. कापण्याआधी पट्टीत उपशीर्षकं किंवा शूटिंगवाल्याने घातलेली नावं-तारीख नाही ना, ते बघा. असतील तर ती कापली जातील.

४:३ चं चित्र टीव्हीभर भरून हवं आहे. पट्ट्या बघवत नाहीत.

दोनच मार्ग आहेत: ताणायचं किंवा कापायचं. ताणणं या पानावर सांगणार नाही. कापायचं तर उंचीचा चौथा भाग जातो, ५७६ पैकी १४४ रेषा. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांच्या वेळी वर मुंडावळ्या आणि खाली पाट, दोन्ही फ्रेमच्या कडेला असतात. मधोमध कापलं तर नवरा-नवरीची कपाळं जातात. कापायचंच असेल तर प्रत्येक दृश्याला वेगळी जागा निवडावी लागते. ते एडिटिंगचं काम आहे, एका बटणाचं नाही.

टीव्हीतला 'वाइड झूम' किंवा 'पॅनोरामा' मधला भाग जवळपास ठीक ठेवून कडा जास्त ताणतो. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की माणसं मध्ये येताना बारीक आणि बाहेर जाताना जाड होतात. बघून डोकं दुखतं.

आमच्या मते काळी पट्टी हा दोष नाहीच. चित्र जेवढं टिपलं गेलं तेवढं दाखवून उरलेली जागा रिकामी ठेवणं हे टीव्हीचं बरोबर वागणं आहे.

पट्ट्या फाइलमध्येच घालाव्यात का, की टीव्हीवर सोडाव्यात?

टीव्हीवर सोडा. फाइलमध्ये छापलेली पट्टी कापून फाइल पुन्हा केल्याशिवाय नंतर काढता येत नाही. पुढे तीच फाइल मोबाइलवर, टॅबलेटवर किंवा प्रोजेक्टरवर लावली तर पट्ट्या दुप्पट होतात. यूट्यूबवर चढवायची असेल तर तर मुळीच नको. तिथला प्लेअर पडद्याप्रमाणे स्वतः जागा सोडतो.

अपवाद एकच. काही टीव्हींचा यूएसबी प्लेअर कोणतीही फाइल आली तरी पडदाभर ताणतो आणि ती सोय बंद करता येत नाही. त्या टीव्हीसाठी वेगळी प्रत करा: ४:३ चं चित्र ९६० बाय ७२० करून दोन्ही बाजूंना १६० पिक्सेलची काळी पट्टी, म्हणजे एकूण १२८० बाय ७२०. हँडब्रेकमध्ये याला 'बॉर्डर्स', एफएफएमपेगमध्ये 'पॅड' फिल्टर. पट्टी नसलेली प्रत वेगळी जपून ठेवा.

सिनेमास्कोपचा चित्रपट आहे. १६:९ टीव्हीवरही वर-खाली पट्ट्या येतात, हे चुकतंय का?

नाही. १९५३ साली सिनेमास्कोप आला तेव्हापासून चित्रपटांचे आकार टीव्हीपेक्षा रुंद झाले. आज सर्वसाधारण सिनेमास्कोप २.३९:१ असतो, टीव्ही १.७८:१. १९२० रुंदीत अशा चित्राची उंची सुमारे ८०४ येते, म्हणजे वर-खाली १३८-१३८ पिक्सेल मोकळे. १.८५:१ च्या चित्रपटाला उंची १०३८ येते आणि पट्टी जेमतेम २१ पिक्सेलची. ती बऱ्याच टीव्हींवर कळतही नाही. त्याआधीचे कृष्णधवल बोलपट ४:३ च्या जवळपास असतात. त्यांना पट्ट्या बाजूंना येतात.

फाइल १९२० बाय ८०४ अशीच ठेवा. उंची सम संख्येची असू द्या. विषम आकडा दिला तर बहुतेक एन्कोडर फाइल करायला नकार देतात किंवा एक रेघ खातात.

तीच डीव्हीडी करायची असेल तर?

तिथे नियम उलटा आहे. डीव्हीडीला ४:३ किंवा १६:९ एवढे दोनच आकार कळतात, आणि पालमध्ये पूर्ण दर्जाची फ्रेम ७२० बाय ५७६ ची असते. म्हणून २.३९ चं चित्र आधी १६:९ च्या चौकटीत बसवावं लागतं: ५७६ पैकी चित्राला ४२८ रेषा, वर ७४ आणि खाली ७४ काळ्या, आणि खूण १६:९ ची. ही खूण दोन ठिकाणी लागते, एमपेग-२ व्हिडिओमध्ये आणि डीव्हीडीच्या आयएफओ फाइलमध्ये (प्लेअरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये). एकातच लिहिली तर काही प्लेअर बरोबर दाखवतात, काही दबवून. ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सुरू करतानाच १६:९ निवडलंत तर बहुधा दोन्हीकडे लिहिली जाते.

१६:९ चं चित्र ४:३ च्या डीव्हीडीवर पट्ट्या छापून टाकू नका. त्यात ५७६ ऐवजी ४३२ रेषाच वापरल्या जातात.

डीव्हीडी बरोबर आहे, पण टीव्हीवर चित्र लहान दिसतं.

प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' किंवा 'टीव्ही शेप' बघा. तिथे ४:३ पीएस (पॅन-स्कॅन, कडा कापून पडदा भरणारा), ४:३ एलबी (लेटरबॉक्स, वर-खाली पट्ट्या घालणारा) आणि १६:९ असे पर्याय असतात. जुन्या डबा टीव्हीच्या वेळी ४:३ एलबी ठेवलेलं असतं आणि टीव्ही बदलल्यावर तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. १६:९ करा. ४:३ पीएस ठेवलं असेल तर काही डीव्हीडींत चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जातात.

सेटटॉप बॉक्सवर जुना चॅनेल ताणलेला दिसतो. हाही याच कारणाने का?

हो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्ही १६:९ असल्याचं सांगा आणि ४:३ कार्यक्रमांसाठी 'ओरिजिनल', 'ऑटो' किंवा 'पिलरबॉक्स' असा जो पर्याय असेल तो घ्या. मात्र आकार बसवायचं काम एकाच यंत्राकडे ठेवा. बॉक्सने पट्ट्या घातल्या आणि टीव्हीनेही झूम केलं, तर घोळ सुटत नाही.

टीव्हीची कोणती सेटिंग्ज बघायची?

पिक्चर साइझ १६:९ किंवा 'ओरिजिनल' ठेवा. सोनीतला 'ऑटो वाइड' बंद करा. तो दृश्यागणिक स्वतः ठरवून आकार बदलतो आणि अंधाऱ्या दृश्यात चुकतो.

मग ओव्हरस्कॅन. जुने डबा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या लपवायचे, कारण कडेला सिग्नलची घाण असे. ती सवय नव्या टीव्हींतही राहिली आहे, आणि त्यामुळे चित्र थोडं मोठं होऊन कडा कापल्या जातात. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन' चालू करा, सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये डिस्प्ले एरिया 'फुल पिक्सेल'. हे प्रत्येक एचडीएमआय इनपुटला वेगवेगळं लावावं लागतं, आणि यूएसबी प्लेअरची सेटिंग्ज पुष्कळदा व्हिडिओ चालू असतानाच रिमोटवरून उघडतात.

ओव्हरस्कॅन बंद केल्यावर व्हीएचएसच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसायला लागली.

ती कॅसेटमध्ये पहिल्यापासून आहे. व्हीसीआरचं एक हेड संपून दुसरं सुरू होतं त्या जागी शेवटच्या काही रेषा अशा येतात. जुना टीव्ही ती लपवत होता. साधारण १० ते १२ रेषा खालून कापा. पण कापल्यावर उरलेलं चित्र परत ५७६ उंचीला ताणू नका. ७६८ बाय ५६४ झालं तर होऊ द्या. टीव्ही सांभाळून घेतो. कापण्याने आकार बिघडत नाही, कापून पुन्हा भरण्याने बिघडतो.

चित्राचा आकार बरोबर आला, पण हलणाऱ्या वस्तूंवर कंगव्यासारखे दाते दिसतात.

इंटरलेस. पालच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं असतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. ती वेगळी न करता उंची बदललीत तर दोन्ही क्षणांच्या रेषा एकमेकींत कायमच्या मिसळतात. मग कोणताही फिल्टर त्या सोडवू शकत नाही. म्हणूनच वर क्रम दिला: डीइंटरलेस आधी.

हँडब्रेकमध्ये 'बिडब्ल्यूडीआयएफ' किंवा 'डीकॉम्ब' घेऊन प्रीसेट 'बॉब' (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करणारा) करा आणि फ्रेमरेट ५० कॉन्स्टंट ठेवा. २५ ठेवलात तर निम्मी हालचाल फेकली जाते आणि लेझीम अडखळत खेळल्यासारखी दिसते. मिनीडीव्हीत खालची फील्ड आधी असते. अ‍ॅनालॉग कार्डावरून आणि डीव्हीडीवरून आलेल्या फाइलींत बहुधा वरची. क्रम उलटा धरला गेला तर ५० फ्रेमच्या फाइलमध्ये माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरत चालतात. तसं दिसलं तर दुसरा क्रम सांगून पुन्हा करा.

पेनड्राइव्हसाठी फाइल कशी ठेवू?

एमपी४, एच.२६४, ८ बिट, ४:२:०, आवाज एएसी. क्वालिटी आरएफ १८ ते २० (हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा, मोठा आकडा म्हणजे कमी दर्जा). कॅसेटच्या दाणेदार चित्राला यापेक्षा वरचा आकडा दिला तर भिंतींवर चौकोन पडतात. ५० फ्रेम हव्या असतील तर १०२४ बाय ५७६ किंवा १२८० बाय ७२० पर्यंतच जा. १०८० ला ५० फ्रेम म्हणजे एच.२६४ ची लेव्हल ४.२ लागते, आणि बरेच जुने टीव्ही ४.१ पर्यंतच चालवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. लांब कॅसेटचे भाग पाडा, नाही तर टीव्हीला चालत असेल तर एक्सफॅट करा.

पुन्हा एन्कोड न करता फक्त खूण दुरुस्त करता येते का?

येते. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल घ्या, व्हिडिओ ट्रॅक निवडा, अस्पेक्ट रेशो १६/९ लिहा आणि नवी एमकेव्ही करा. मिनिटाभराचं काम आहे आणि चित्राला धक्का लागत नाही. संग्रहासाठी मूळ दर्जाची प्रत ठेवायची असेल तर हेच करा. पण ही खूण डब्यावर असते. टीव्ही ती वाचेलच असं नाही. वाचत नसेल तर चौरस पिक्सेलची वेगळी प्रत करणं हाच मार्ग.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी पालमध्ये कराव्यात का?

करू नका. त्या ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेमच्या असतात. आजचे टीव्ही आणि पेनड्राइव्ह प्लेअर दोन्ही वेग चालवतात. २९.९७ चे २५ केले की हालचाल झटके खाते आणि त्यातून मिळत काही नाही. पिक्सेल चौरस करा, बॉब करून ५९.९४ फ्रेम ठेवा, झालं. कॅसेट वाजवायला मात्र एनटीएससी चालणारा व्हीसीआर लागतो. पालवाल्यात वाजवून रेकॉर्ड केलेलं कृष्णधवल किंवा फिरणारं चित्र पुढे दुरुस्त होत नाही.

मोबाइलवर उभा काढलेला व्हिडिओ?

१०८० उंचीत ६०८ रुंदी येते, दोन्ही बाजूंना ६५६ पिक्सेल रिकामे राहतात. मागे त्याच चित्राची धूसर मोठी प्रत लावायची पद्धत आहे. ती आवडीची बाब, आकार त्याने बिघडत नाही. टीव्हीवर व्हिडिओ आडवा लोळलेला दिसत असेल तर फिरवण्याची खूण टीव्ही वाचत नाही. एकदा एन्कोड करून चित्र प्रत्यक्ष फिरवून घ्या.

मोठं करून एचडी केल्यावर रंग बदलले. कुंकू शेंदरी दिसतं.

एसडीचे (कॅसेट-डीव्हीडीसारख्या जुन्या व्हिडिओचे) रंग बीटी.६०१ या कोष्टकाने लिहिलेले असतात, एचडीचे बीटी.७०९ ने. ७२० रेषांची फाइल आली की टीव्ही ७०९ धरतो. आतले आकडे ६०१ चेच राहिले असतील तर लाल शेंदरीकडे झुकतो आणि हिरवा मंदावतो. शालूवर आणि हिरव्या चुड्यावर हे पटकन कळतं. मोठं करतानाच रंगांचं रूपांतर करा. एफएफएमपेगमध्ये 'कलरस्पेस' फिल्टर त्यासाठी आहे. १०२४ बाय ५७६ वरच थांबलात तर हा प्रश्न सहसा येत नाही, आणि कॅसेटसाठी तेवढा आकार पुरतो.

चित्राच्या तळाशी बारीक हिरवी रेघ दिसते.

एच.२६४ चित्र १६ च्या पटीत साठवतो. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १०८८ रेषा असतात आणि शेवटच्या आठ दाखवू नका अशी सूचना असते. काही प्लेअर ती पाळत नाहीत, म्हणून रेघ दिसते. ८०४ सारख्या उंचीलाही हेच होतं. ती फाइल ८०० उंचीची करा, वरून दोन आणि खालून दोन रेषा कापून. ८०० ला १६ ने पूर्ण भाग जातो.